मिनिटाला सहा लिटर

रविवारी सकाळी पावणेसातला बेल वाजली. दार उघडलं तर नाना. एका हातात निळी बादली, दुसऱ्या हातात पाना, खांद्याला पिशवी आणि गळ्यात पीटीच्या सरांसारखं स्टॉपवॉच.

"आंघोळ झाली नाही ना तुझी?"

"नाही अजून."

"उत्तम. घरात कोणाचीच झाली नाही ना?"

हा प्रश्न मला आजवर दुसऱ्या कोणी इतक्या आशेनं विचारलेला नाही.

नाना आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही सहाव्या, म्हणजे शेवटच्या. पण नाना म्हणजे कोणी एकच गृहस्थ आहेत असं समजू नका. पुण्यात जिथे जिथे गच्चीवर टाकी आहे तिथे तिथे एक नाना आहे. कुठे तो जिन्यातले दिवे मालवत फिरतो, कुठे ओल्या कचऱ्यातून सुका वेगळा काढून ज्याचा त्याला परत नेऊन देतो. पेन्शन वेळेवर जमा होते, मुलगा परदेशात, गुडघे अजून शाबूत, आणि छत्तीस वर्षं ऑडिटमध्ये दुसऱ्यांच्या चुका काढलेला हात एकाएकी रिकामा. आमच्या नानांनी तो हात शॉवरवर ठेवला.

निमित्त झालं टँकरच्या बिलाचं. उन्हाळ्यात ते नोटीस बोर्डावर लागलं, लोकांनी आकडा वाचला, "बापरे" म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. नाना मात्र वाचायचा चष्मा लावून बोर्डासमोर उभेच राहिले. दहा हजार लिटरचा एक टँकर, असे किती, माणसं किती, भागिले किती. संध्याकाळपर्यंत वहीत पानभर आकडे झाले. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारी मानक आहे, आणि गावाकडे जलजीवन मिशन माणशी ५५ लिटर धरतं, हे दोन्ही आकडे त्यांनी शेजारी शेजारी लिहून अधोरेखित केले होते. मला म्हणाले, "म्हणजे शहरात राहायला आलो की माणूस ऐंशी लिटर जास्त मळतो का रे?"

मग घरातलं पाणी कुठे कुठे जातं याचा पंचनामा झाला आणि आरोपी सापडला. बाथरूममधली आठ इंची थाळी! बिल्डरनं फुकट दिलेली. तिच्याखाली दहा सेकंद बादली धरायची, आलेलं पाणी मोजायचं आणि सहानं गुणायचं, ही नानांची पद्धत. बादलीवर आतून लिटरच्या खुणा केलेल्या आहेत, काकूंच्या मरून नेलपॉलिशनं. दहा सेकंदांत दोन लिटर पडले. मिनिटाला बारा. नानांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बारा. त्या रात्री ते जेवले कमी.

त्यानंतरचे दोन महिने नानांच्या निवृत्तीतले सगळ्यात सुखाचे दिवस होते. मुलीसाठी स्थळं पाहावीत तशी त्यांनी शॉवरची स्थळं पाहिली. घराणं, उंची, रंग, सगळं विचारलं. पेठेतल्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदारानं उत्साहानं काउंटरवर डबे मांडले. हा मॅट ब्लॅक, हा रोझ गोल्ड, ह्याच्यात निळा दिवा लागतो. नानांनी एकेक डबा उलटा करून बूड वाचलं.

"हा मिनिटाला किती लिटर?"

"लिटर? काका, शॉवर आहे. दूध नाही."

त्या दुकानदाराला नानांनी उभ्याउभ्या सांगितलं की भारतीय मानक ब्यूरोनं २०२१ सालीच आयएस १७६५० काढलंय, फ्रिजला असतात तसे पाणी वाचवणाऱ्या नळाशॉवरलाही तारे मिळू शकतात. दुकानदारानं नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तारेवाला मागवून देतो काका. पण निळा दिवा त्याच्यात नाही येणार."

सात शॉवर आले. काही विकत, काही परत करण्याच्या बोलीवर. त्यांतला एक न्यू जर्सीहून, मुलाच्या बॅगेतून. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं शॉवरवर मिनिटाला अडीच गॅलनची, म्हणजे साडेनऊ लिटरची मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे तिकडच्या मालाबद्दल नानांना आदर होता. तो एप्रिल २०२५ मध्ये थोडा ढळला. शॉवरची धार बारीक येते या तक्रारीवर ट्रम्प यांनी थेट अध्यक्षीय आदेशच काढला, तेव्हा नाना दोन दिवस पेपर हातात घेऊन फिरत होते. "बघ. तिथे राष्ट्राध्यक्ष शॉवरच्या कागदावर सही करतो. आणि आपला सेक्रेटरी माझ्या अर्जाची पोच देत नाही." आदेश कुठल्या बाजूचा होता हा मुद्दा नानांच्या दृष्टीनं दुय्यम होता.

तो अमेरिकन शॉवर बसवताना प्लंबरचा घाम निघाला. दोन्हीकडचे आटे अर्धा इंची, एका इंचात चौदाच, पण त्यांचा कोन साठ अंशांचा आणि आपला पंचावन्न. हे नानांनी प्लंबरला कागदावर काढून दाखवलं. प्लंबरनं कागद खिशात घातला, टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे दिले आणि पाना मारला. मग खाली उतरून, हात पुसत, त्यानं जे विचारलं ते विचारायची हिंमत आमच्यापैकी कोणालाच झाली नव्हती.

"काका, पाणी कमीच पाहिजे तर नळ थोडा कमी उघडा ना."

नाना काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नळ माणसाच्या हातात असतो रे बाबा. चकती नसते."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे. माणसावर त्यांचा विश्वास नाही. ऑडिटमध्ये आयुष्य काढल्यावर राहणार कसा? विश्वास आहे तो चकतीवर. ती त्यांनी मला भिंगातून दाखवली होती. एक रुपयाच्या नाण्याएवढी प्लास्टिकची चकती आणि तिच्यात रबराची कडी. पाण्याचा जोर वाढला की कडी दबून पसरते आणि वाट अरुंद करते, जोर कमी झाला की सैल पडून वाट मोकळी करते. नळ अर्धा सोडा नाहीतर पुरा, पाणी मिनिटाला सहाच्या वर जात नाही. "अशी माणसं असती तर आमचं खातंच लागलं नसतं," नाना म्हणाले होते. त्या सात स्थळांतून अखेर ह्या चकतीवाल्याशी पत्रिका जुळली. दिसायला बेताचा, मूठभर तोंडाचा, हवा ओढून पाण्यात मिसळणारा. अंगावर पाणी भरपूर पडल्यासारखं वाटतं, पडतं निम्मंच.

काकूंचं मत वेगळं होतं. "चाळीस वर्षांत ह्यांनी मला एक साडी निवडून आणली नाही. शॉवर मात्र सात." त्यांचा खरा राग शॉवरवर नव्हता, इडलीपात्रावर होता. टँकरच्या पाण्याचा क्षार शॉवरच्या भोकांत बसतो, त्यावर इलाज व्हिनेगर, आणि व्हिनेगरमध्ये एका वेळी चार शॉवर बुडतील असं घरातलं एकच भांडं.

आणि नाना स्वतः? नाना बादलीनं आंघोळ करतात. पितळी तांब्या, सोळा लिटर, पाण्याची शेवटची खेप डाव्या खांद्यावरून. शॉवर हा इतरांचा प्रश्न आहे.

तर त्या रविवारी असे हे नाना बादली घेऊन माझ्या दारात. नवा शॉवर त्यांच्या मजल्यावर पास झाला होता, आता वरच्या मजल्याची चाचणी. मी पाना धरला, नाना स्टुलावर चढले. पाच मिनिटांत जुना निघाला, नवा बसला. "जा," नाना म्हणाले, "निःसंकोच आंघोळ कर. मी बाहेरून वेळ लावतो."

शेजारच्या ज्येष्ठ नागरिकाला दाराबाहेर स्टॉपवॉच घेऊन उभं करून निःसंकोच आंघोळ कशी करतात ते मला अजून समजलेलं नाही. नळ सोडला. वरून पाणी आलं, पण आजारी माणसाला चमच्यानं पाजावं तसं. कुठून तरी चार धारा, त्यांतली एक भिंतीवर. अंगाला साबण लावून झाला आणि कोरड्या बाल्कनीतला गॅस गीझर दोनदा फुरफुरून विझला. गॅस गीझरला पेटायला पाण्याचा ठरावीक ओघ लागतो, तो मिळाला नाही तर तो मुकाट झोपतो. आता चमच्यानं येणारं पाणी गारही होतं. जानेवारी होता.

"नाना, गीझर गेला!"

"किती सेकंदांनी?"

टॉवेल गुंडाळून मी बाहेर आलो तेव्हा नाना जमिनीवर बसून गणित करत होते. नानांचा शॉवर टाकीच्या खाली पंधरा मीटर, माझा तीन मीटर. दहा मीटर उतरलं की पाण्याला एका बारचा जोर येतो. त्यांच्याकडे दीड बार, माझ्याकडे पाव-अर्ध्याच्या मधला काहीतरी. "तुझ्याकडे जोरच नाही," ते म्हणाले. हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं त्याचं मला वाईट वाटलं.

मग त्यांनी माझा जुना शॉवर परत चढवला आणि, पद्धत म्हणून, त्याखाली बादली धरली. दहा सेकंद. बादलीत वाकून पाहिलं. पुन्हा धरली. वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

"मिनिटाला साडेपाच."

"म्हणजे?"

"म्हणजे तू काही न करता माझ्या शॉवरपेक्षा कमी पाणी वापरतोयस. इतकी वर्षं." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं अभ्यास न करता पहिल्या आलेल्या मुलाकडे पर्यवेक्षकानं पाहावं. कॉपीचा पुरावा नव्हता, म्हणून अभिनंदन केलं.

वार्षिक सभेत नानांनी ठराव मांडला: अठ्ठेचाळीस फ्लॅटमधले शॉवर बदलावेत, वरच्या दोन मजल्यांना सूट. आकडे तोंडपाठ होते. सभेतल्या निम्म्या लोकांना ते पटलंही होतं. तेवढ्यात बी विंगमधल्या एक बाई उठल्या. कमरेपर्यंत केस. त्यांनी नानांकडून आणून तो शॉवर पंधरा दिवस वापरला होता.

"नाना, याच्याखाली शांपू निघायला बारा मिनिटं लागतात. आधी पाच लागायची. तुम्ही हा कोणाच्या डोक्यावर तपासलात?"

सभा नानांच्या डोक्याकडे पाहू लागली. तिथे तपासण्यासारखं १९९० च्या सुमारासच काही उरलं नव्हतं. बारा सक्के बहात्तर आणि पाच बारे साठ, हे नानांनी मनात केलेलं मला दिसलं, कारण त्यांनी वही मिटली. ठराव ऐच्छिक झाला. अकरा घरांनी शॉवर बदलला. बाईंच्या नावापुढे नानांनी शेरा मारला: हरकत ग्राह्य.

हे सगळं वेड वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटतं. फक्त एकदा, शॉवर व्हिनेगरमधून काढता काढता, नाना पानशेतच्या पुराबद्दल बोलले होते. १२ जुलै १९६१. तेव्हा ते आठ वर्षांचे, बिऱ्हाड नारायण पेठेत. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं ते त्यांनी सांगितलं, पण ते भराभर. सावकाश सांगितलं ते पुढचं. पानशेतबरोबर खडकवासला धरणही फुटलं होतं, त्यामुळे पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले. घरात गुडघाभर चिखल, आणि तो धुवायला पाणी नाही. "आईनं एका तांब्यात आम्हा तिघांचे पाय धुतले. आधी धाकट्याचे." मग त्यांनी शॉवर उजेडात धरून भोकं मोजली.

गेल्या पावसाळ्यात पुण्याला पाणी देणारी चारही धरणं भरत आली आणि खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं. अशा वेळी अर्धं पुणं पाणी बघायला जातं. मी आणि नानाही गेलो. लकडी पुलावर ही गर्दी, पोरं खांद्यावर, मक्याची कणसं. खाली तपकिरी पाणी धडाधडा चाललेलं. कोणीतरी मोबाइलवर वाचून म्हणालं, "दहा हजार क्युसेक सोडलंय."

नाना कठड्याला धरून उभे होते. ओठ हलायला लागले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. मी ओळखलं आणि म्हटलं, "नाना, नका करू." पण झालं होतं.

"अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरांनी ऐकलं असतं ना, वरच्यांचं कमी, खालच्यांचं जास्त, सरासरी मिनिटाला तीन लिटर वाचले धरले, माणशी पाच मिनिटं, घरात चौघं, तर वर्षाचे साडेदहा लाख लिटर."

"मग?"

नानांनी घड्याळ वर धरलं. काटा थोडा सरकला.

"पावणेचार सेकंद. हे बघ, गेलं आपलं वर्ष."

मला काही सुचेना. पाठीवर हात ठेवावा का, असं वाटत होतं. मागून कणीसवाला ओरडत होता. नाना आणखी थोडा वेळ खाली बघत राहिले, मग वळले.

"हे पाणी आपल्या टाकीत आलं होतं का?"

"नाही."

"मग ते आपल्या हिशेबात नाही. नदीचं नदीपाशी." त्यांनी छत्री उघडली. "चल, दुकान उघडं असेल. तळमजल्यावर एकाची चकती गळतेय, कडी घ्यायचीय. आणि व्हिनेगर."

"आणि भांडं?"

"तेही बघू," नाना म्हणाले. "इडलीपात्र कितीला येतं रे हल्ली?"