दहाहजारी मनसबदार

मोगलांच्या दरबारात पंचहजारी मनसबदाराचा केवढा रुबाब! आमच्या पुण्यात हल्ली दहाहजारी पैशाला पासरी झालेत. पहाटे तळजाईच्या वाटेवर जाऊन उभे राहा. मनगटाकडे बघत चालणारा पन्नाशीचा जो गृहस्थ तुमच्यावर येऊन आदळेल, तो दहाहजारी. त्याला ‘नमस्कार’ म्हणण्यात वेळ दवडू नये. ‘किती झाली?’ एवढंच विचारावं. कळी खुलते.

हा माणूस आळशी नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. रोज 10 हजार पावलं, हा नेम त्याने ताप असतानाही मोडलेला नाही. पोरीच्या लग्नातही नाही. त्या दिवशी सगळ्या हॉलभर अक्षता वाटत तो स्वतः फिरला. वधूपिता असून केवढी ही नम्रता, म्हणून व्याह्यांचे डोळे पाणावले.

घड्याळाला पाय दिसत नाहीत. आतल्या सेन्सरला हाताचा हेलकावा तेवढा कळतो आणि त्यावरून ते पावलाचा अंदाज बांधतं. ही विद्या हस्तगत झाल्यापासून सोसायटीच्या गणपतीत झांजा दुसऱ्या कुणाच्या हाती लागलेल्या नाहीत. आरती जितकी लांबेल तितकी त्याला हवीच असते. मंडईत मात्र तो पिशवी धरत नाही. हात अडकला की पावलं बुडतात म्हणे! दोन्ही हातांत भाजी घेऊन वहिनी मागून येतात. ‘मग ते घड्याळ पायात बांधा ना,’ असं त्या एकदा म्हणाल्या. त्यावर त्याने गंभीरपणे विचार केला.

खरी साधना नोंदींची. सकाळी वजनकाट्यावर चढण्याआधी तो चष्मासुद्धा काढून ठेवतो. मग आकडा दिसत नाही, तो वहिनींना वाकून वाचावा लागतो. वजन 84 किलोंवरून 83.6 वर आलंय. पण एक्सेलमधल्या आलेखाचा उभा अक्ष त्याने 83.5 पासून सुरू केलाय, त्यामुळे रेघ सिंहगडाच्या कड्यासारखी कोसळताना दिसते. त्या गडावर तो दर रविवारी जातो. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही होतं. खाल्लेल्याचीही नोंद असतेच. अ‍ॅपच्या यादीत थालीपीठ सापडलं नाही म्हणून ते ‘मल्टिग्रेन पॅनकेक’ या नावाने चढतं. वरचा लोण्याचा गोळा बेवारस राहतो. चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीचा तर प्रश्नच येत नाही. ‘अहो, उपासाला कसल्या कॅलरी?’

हा 10 हजारांचा आकडा आला कुठून, हे मी त्याला एकदा सांगून पाहिलं. टोकियो ऑलिंपिक 1964 सालचं. पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि नाव ठेवलं ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा डॉक्टरांनी नव्हे, विक्रेत्यांनी रूढ केला. ऐकून तो खचेल असं मला वाटलं होतं. ‘जपानी आहे होय? मग प्रश्नच मिटला,’ म्हणाला. मग मी 2019 चं अमेरिकेतलं संशोधन काढलं: 7,500 पावलांच्या आसपास फायद्याची चढण सपाट होते. अभ्यास कुणावर केला, असं त्याने विचारलं. सरासरी 72 वर्षांच्या स्त्रियांवर, असं मी खरं ते सांगितलं. तो काही बोलला नाही. खटला जिंकलेल्या माणसासारखा हसला.

गेल्या वारीत पुण्याहून सासवडपर्यंत माऊलींच्या पालखीबरोबर जायचं त्याच्या मनाने घेतलं. टप्पा तीस किलोमीटरच्या वर, म्हणजे विक्रम निश्चित. हडपसर मागे पडलं, वडकी आली, दिवे घाट समोर दिसू लागला आणि घड्याळ विझलं. अख्ख्या दिंडीत चार्जर मिळेना. जी मोजली जाणार नाहीत ती पावलं टाकायची कशाला, असा विचार करून हा उलटा फिरला. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका मावशींनी अडवलं, ‘माऊली, पंढरपूर तिकडं!’ याने रिकामं मनगट दाखवावं तसं ते घड्याळ दाखवलं. ‘चार्जिंग संपलं.’ माणूस दमला असं समजून मावशींनी कनवटीचा राजगिऱ्याचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो तिथल्या तिथे खाल्ला. त्याची नोंद झाली नाही. घड्याळच बंद होतं.

एवढं असून मी त्याला फार हसत नाही. पूर्वी पर्वतीच्या 103 पायऱ्यांत हा दोनदा टेकायचा. परवा भाच्याच्या पोराला डाव्या कडेवर घेऊन न थांबता वर गेला आणि वर गेल्यावर मला पेशव्यांचा इतिहासही सांगितला, तोही धाप न लागता. इतक्या वर्षांच्या चालण्याची एवढी एकच कमाई मला स्पष्ट दिसते आणि ती त्याच्या एक्सेलमध्ये कुठेच नाही. डावा हात पोराला धरण्यात गुंतलेला, त्यामुळे घड्याळाच्या लेखी तो तेवढा वेळ बसून होता. खाली उतरल्यावर त्याला हे कळलं. पोर बापाच्या हवाली करून तो पर्वती पुन्हा चढला.

तेव्हा तुमच्या वरच्या मजल्यावर असा कुणी राहत असेल तर एक विनंती. रात्री पावणेबाराला डोक्यावर बाल्कनी ते सोफा, सोफा ते बाल्कनी अशा येरझाऱ्या ऐकू आल्या, तर वॉचमनला उठवू नका. घरात भांडण नाही, कुणी आजारी नाही. तीनशे कमी पडली असतील. बारा वाजले की थांबेल.