पादुका, पद्मिनी आणि पावशेर माती

दक्षिणद्वार सोहळा झाल्याची बातमी आली की आमच्या काकांना कोल्हापुरात धरून ठेवणं अवघड. कृष्णेचं पाणी चढतं, नरसोबाच्या वाडीतल्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. तिथं एक बुडी मारली की वर्षभराचं पुण्य घाऊक भावात! नेणार अर्थात पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यानं ती बनवायची केव्हाच बंद केली, पण काकांना ते कुणी कळवलेलं नाही.

गर्दीमुळं गाडी उसाच्या रानाकडेला लावली, रात्री मुक्काम केला. सकाळी कडक ऊन. बासुंदीची किटली काकूच्या मांडीवर, कवठाच्या बर्फीचा पुडा माझ्या. शिरोळच्या रस्त्यावर काट्यानं साठ गाठली आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. सत्तरला काकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पंच्याऐंशीला थरथर चक्क कमी!

"बघ, पळवली की सुधारते."

"अहो, हळू! बासुंदीचं लोणी होईल."

आत्यांच्या मते देवाला न सांगता निघाल्याचं हे फळ. काकांचा संशय आधी बेअरिंगवर, मग थेट बांधकाम खात्यावर.

रस्त्याकडेच्या टायरवाल्यानं एवढंच विचारलं, "मालक, रात्री गाडी कुठं लावल्याली?"

"रानाकडेला."

"मग बराबर हाय."

पुढचं चाक जॅकवर उचलून त्यानं हातानं फिरवलं. थांबताना दर वेळी तीच बाजू खाली. चाक काढून उलटं केलं, तर रिमच्या आतल्या अंगाला काळ्या मातीचा वाळका थर, तोही एकाच बाजूला. रात्रभर ओला चिखल खाली ओघळला आणि उन्हात तिथंच घट्ट बसला. सत्तरच्या वेगाला हे चाक सेकंदाला दहा गिरक्या घेतं, म्हणजे दहा वेळा ती ढेकळं हिसका देणार. तो हिसका चाक-स्टेअरिंगच्या स्वतःच्या हेलकाव्याशी जुळला की थरथर शिगेला पोचते. वेग वाढला की जुळणी मोडते.

स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडल्यावर पावशेरभर ऐवज निघाला. "लोकांचं रान घिऊन चाललाय, मालक. सात-बारा तरी बगा कुणाचा त्यो!" चाक बसवताना नट मात्र त्यानं समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळले, एकाच अंगानं आवळलं तर चाक तिरकं बसतं.

परत निघालो. सत्तरला स्टेअरिंग ढिम्म. त्या शांततेत डाव्या दाराची खडखड पहिल्यांदाच ऐकू आली.

"ही कधीपासून?" काकांनी दचकून विचारलं.

"आपल्या लग्नापासून," काकू म्हणाली आणि किटलीचं झाकण उघडून बासुंदी बघायला लागली.