कोपऱ्यात कोणाचे नाक?

पोर्ट्रेट लेन्स हाती आली की परीक्षक माणूस शोधत नाही, विटांची भिंत शोधतो. कॅमेरा ट्रायपॉडवर चढतो, भिंतीचा फोटो निघतो, पडद्यावर दुप्पट मोठा केला जातो आणि निकाल लागतो: कोपरे मऊ आहेत! व्यक्तिचित्राच्या कोपऱ्यात नेमके कोणाचे नाक असते, हे मात्र कोणी विचारत नाही.

व्हिएन्नाचा गणिती योझेफ पेट्झवाल त्या मानाने सुखी. १८४० मध्ये त्याने खास चेहऱ्यांसाठी लेन्स रचली; आकडेमोडीला चक्क तोफखान्यातले हिशेबनीस. एफ/३.६ इतक्या मोठ्या छिद्रातून भरपूर उजेड आत येऊ लागला आणि मिनिटेच्या मिनिटे पुतळा होऊन बसणाऱ्यांची सुटका झाली. मध्यभाग रेखीव, कडा धूसर. चेहरा मध्येच असल्याने बिघडत काहीच नव्हते.

पुढच्या पिढ्यांनी तो दोष घालवण्यासाठी गणिते मांडली, काचा वाढवल्या. मग २०१३ मध्ये लोमोग्राफी या कॅमेरा कंपनीने हाताने फोकस करायची, पितळी अंगाची ८५ मिमी पेट्झवाल नव्याने आणायला लोकवर्गणी मागितली. जमले तेरा लाखांहून अधिक डॉलर. पार्श्वभूमी गरगरवणारा तोच दोष आता ‘कॅरेक्टर’ या नावाने मिरवतो.

त्यातून या नव्या लेन्सच्या फोकसचे कडे परीक्षकाच्याच बोटांत. एफ/२.२ ला दीड मीटरवर स्पष्टतेची पट्टी जेमतेम चार सेंटिमीटर. पापणी साधली तर कान गेलेच म्हणायचे. समोरची बाई हसून जरा पुढे झुकली की पापणीही जाते, आणि अहवालात नोंद होते: लेन्स किंचित मऊ.