स्प्रिंग

परवा गुलाबाची वाळकी काडी कापताना सिकेटरची स्प्रिंग उडाली. टिंग असा आवाज झाला, गॅलरीच्या कठड्यावर तिनं एक टप्पा घेतला आणि ती खाली गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुंड्यांत, असा माझा अंदाज. आतून हे म्हणाले, "अगं, कुंड्या बारा आणि हत्यारं अठरा. एक कमी झालं तर बिघडलं कुठे?"

हत्यारं अठरा नाहीत. अकरा आहेत, आणि त्यातली दोन भेट आलेली, म्हणजे ती मोजायची नसतात.

सिकेटर हा शब्द नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत इतका रुळलाय की त्याला परका म्हणणाऱ्याला खरड छाटणीच्या ऐन हंगामात कुणी बागेत उभं करणार नाही. मूळ शब्द फ्रेंच. हत्याराचं श्रेय दिलं जातं बर्त्राँ द मोलव्हिल या गृहस्थांना. सोळाव्या लुईचे हे आरमारमंत्री. क्रांतीत मंत्रिमहाशय इंग्लंडला पळाले म्हणून वाचले. राजाचं डोकं मात्र १७९३ साली गिलोटिनखाली गेलं. पुढे मंत्र्यांनी छाटणीचं हत्यार काढलं. मनावर काहीतरी परिणाम राहिला असावा.

चांगलं सिकेटर आवाजावरून कळतं. पाती कात्रीसारखी एकमेकींच्या अंगावरून सरकतात, 'चक्' असा ओला आवाज येतो आणि काडीचं तोंड काकडीच्या चकतीसारखं स्वच्छ दिसतं. स्वस्तातलं सिकेटर काडी कापत नाही, चिरडतं. मग ती टोकापासून काळी पडत खाली उतरते. कापून झालं की मूठ आपणहून उघडायला हवी. ते काम त्या बोटभर स्प्रिंगचं. ती नसली की दर वेळी दुसऱ्या हातानं जबडा उघडावा लागतो, औषध न घेणाऱ्या पोराचा उघडतात तसा.

इंग्रजांचा वसंत आणि ही तार, दोघांचं नाव एकच. त्यांचं बरं आहे. त्यांच्या वसंतात माती मऊ होते, बी पेरायचं असतं. आमच्या वसंतात मोगरा कळ्यांनी भरतो आणि त्याच आठवड्यात कुंडीतली माती कडेनं भिंत सोडते. म्हणून चैत्रात माझा जीव झारीवर. इथं मात्र मी इंग्रजांना मानते. जॉन हॉज यांनी १८८६ साली एका झारीचं पेटंट घेतलं. भरलेली असतानाही हातात तोललेली राहावी, हा त्यातला विचार. उन्हाचा एवढा तुटवडा असलेल्या देशात झारीवर कुणी इतकं डोकं चालवावं याचं नवलच. झारीची चाळणी बारीक भोकांची हवी आणि आकाशाकडे तोंड करून बसवलेली. पाणी आधी वर उडतं, मग रोपांवर झिमझिम उतरतं. माझ्या प्लास्टिकच्या झारीचं तोंड ऐन ओतताना निखळतं आणि कोथिंबिरीवर पूर येतो.

खुरपं मी दुकानातून घेत नाही. आत्ताचं घेतलं ते नऊ वर्षांपूर्वी, रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडून. तो सांडशीत लोखंड फिरवत होता आणि त्याची बायको घण मारत होती, इतक्या मापात की मी जिन्यावरून उतरतानासुद्धा इतकी नेमकी पावलं टाकत नसेन. लोखंड कसलं, म्हणून विचारलं.

"ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा हाय ताई. मोडायचं न्हाई."

तिथेही स्प्रिंगच. मग लाल पातं चर्रकन पाण्यात गेलं. पाणी जास्त पाजलं तर तुटतं, कमी पाजलं तर वाकतं, असं तो म्हणाला. मोगऱ्याबद्दल मी शेजारणींना गेली कित्येक वर्षं हेच सांगतेय, पण इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही. मूठ दोनदा बदलली. पातं अजून तेच आहे.

सिकेटरला काल ह्यांनी मोठ्या उत्साहानं बॉलपेनातली स्प्रिंग बसवून दिली. दोन काड्यांत ती सपाट झाली. आता पेनही चालत नाही.

तेव्हा वहिनी, तुळशीत किंवा कोरफडीत वळ्यावळ्यांची स्टीलची तार सापडली तर कचऱ्यात टाकू नका. आवाज द्या, मी टोपली खाली सोडते.