जागतिक मानके आणि आर-मध्य विभागातला वडापाव

आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवण्याचे काम ‘कोडेक्स अलिमेंटेरियस’ नावाचा आयोग करतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना या दोघींचे हे सामाईक अपत्य. जन्म १९६३, मुक्काम पोस्ट रोम. १८८ देश आणि युरोपीय संघ त्याचे सदस्य आहेत; भारत १९६४ पासून आहे. ग्राहकाचे आरोग्य राखणे आणि अन्नाच्या व्यापारात कोणी कोणाला फसवणार नाही हे पाहणे, अशी आयोगाची दोन उद्दिष्टे आहेत. पहिल्यावर भाषणे होतात, दुसऱ्यावर भांडणे.

कोडेक्सचे कोणतेही मानक आठ पायऱ्या चढून वर जाते. पहिल्या पायरीवर असे मानक हवे की नको हे ठरते. दुसरीवर मसुदा होतो, तिसरीवर तो देशोदेशी अभिप्रायासाठी जातो, चौथीवर समिती ते अभिप्राय वाचते आणि पाचवीवर आयोग मसुद्याला तात्पुरती मान्यता देतो. सहावी आणि सातवी पायरी म्हणजे तिसरी आणि चौथीच, पुन्हा एकदा. आठवीवर मानक मंजूर होते. पुनर्विकासाचा ठराव सोसायटीच्या सभेत मंजूर होताना ज्यांनी पाहिला आहे, त्या उपनगरवासीयांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. निर्णय शक्यतो एकमताने घेतात. एकमत नाहीच झाले तर मतदान. जनावरांच्या अंगावर मांस चढावे म्हणून खाद्यात मिसळण्याच्या रॅक्टोपामीन या औषधाचे किती अवशेष मांसात चालतील, हा प्रश्न २०१२ साली असाच मताला टाकला गेला. ६९ विरुद्ध ६७ असा निकाल लागला. विज्ञान दोन मतांनी निवडून आले.

मानके कोणाकोणाला मिळाली आहेत ही यादी उद्बोधक आहे. गोठवलेल्या फ्रेंच फ्राइजना १९८१ मध्ये मिळाले, इन्स्टंट नूडल्सना २००६ मध्ये, अरबांच्या हमसला २००७ मध्ये प्रादेशिक स्वरूपाचे. कोरियाच्या किमचीला २००१ मध्ये मिळाले, आणि त्यासाठी कोरियाला जपानशी झुंजावे लागले. जपानी कारखाने न आंबवता, वरून आंबटपणा घालून किमची करत. आंबवल्याशिवाय किमची नाही, हे कोरियाने रोमला पटवून दिले. आंब्याच्या चटणीला १९८७ पासून मानक आहे. वडापावाला नाही. सर्वमान्य कथेनुसार तो १९६६ साली दादर स्थानकाबाहेर जन्मला, म्हणजे आयोगाहून अवघा तीन वर्षांनी धाकटा. पण आठांपैकी पहिल्या पायरीवरही त्याने अद्याप पाय ठेवलेला नाही.

याचे कारण पक्षपात नव्हे. कोडेक्सचा जीव कंटेनरमधून सीमा ओलांडणाऱ्या मालात आहे, आणि वडापाव फार तर रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. देशी पातळीवर प्रयत्न झाले, नाही असे नाही. २००१ साली मालाड स्थानकाजवळ सुरू झालेल्या जम्बोकिंगने सगळीकडे एकाच मापाचा, एकाच चवीचा वडा देण्याचा धंदा उभारला. पुढे शिवसेनेने ‘शिववडा’ काढून त्याला पक्षीय मान्यताही मिळवून दिली. तरीही चटणीत लसूण किती आणि चुरा फुकट की मागितल्यावर, या दोन मुद्द्यांवर बोरिवली आणि मुलुंड यांच्यात एकमत झालेले नाही. मतदान घेण्याची हिंमत कोणी केलेली नाही.

फळांत आंब्याला मानक आहे, १९९३ चे. त्यात सर्वांत लहान गट २०० ते ३५० ग्रॅमचा. त्याखालचा आंबा जागतिक व्यापाराच्या दृष्टीने आंबाच नव्हे. पेटीच्या वरच्या थरातला हापूस या कसोटीवर सहसा उतरतो. तळाच्या थरातला घरी गेल्यावर कळतो.

चहाचे प्रकरण कोडेक्सकडे नसून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेकडे, म्हणजे आयएसओकडे आहे. तिचे ३१०३ क्रमांकाचे मानक १९८० चे. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, भांडे चिनी मातीचे किंवा झिलई दिलेले, आणि झाकण ठेवून बरोबर सहा मिनिटे. हे मानक चहा चाखणाऱ्या तज्ज्ञांच्या सोयीसाठी आहे, पिणाऱ्यांसाठी नाही, असा खुलासा केला जातो आणि तो खराही आहे. ते ज्या ब्रिटिश मानकावर बेतले होते, त्या सहा पानी दस्तऐवजाला १९९९ साली इग नोबेल हा हास्यपुरस्कार मिळाला. अंधेरी स्थानकाबाहेरच्या टपरीवर चहा, साखर, दूध आणि आले एकाच पातेल्यात घालून तो सबंध दिवस उकळत ठेवतात. तिथे सहा मिनिटांत चार लोकल सुटतात, त्यामुळे आयएसओचे पालन करणारे गिऱ्हाईक कामावर उशिरा पोचते.

रोममध्ये ठरलेले मानक खाली कसे उतरते, हा विषयाचा पुढचा भाग. कोडेक्सची मानके ऐच्छिक आहेत. पण १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली आणि देशादेशांत अन्नावरून तंटा झाला तर कोडेक्सचा कागद प्रमाण मानायचे ठरले. तेव्हापासून ही मानके ऐच्छिक आहेत, पण मोडणे महाग पडते. भारताने २००६ साली अन्नसुरक्षा व मानके कायदा केला, १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा मोडीत काढला आणि दिल्लीत ‘एफएसएसएआय’ हे प्राधिकरण बसवले. त्याचे नियम ऑगस्ट २०११ मध्ये लागू झाले. दिल्लीहून कागद वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे येतो. तिथून अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे, आणि अधिकाऱ्याला वेळ झाला तर हातगाडीकडे.

हातगाडीचा विचार रोमने केलेलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोडेक्सच्या आशियाई समन्वय समितीची बैठक सप्टेंबर २०१६ मध्ये नवी दिल्लीत भरली आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांसाठी आशियाची स्वतंत्र आरोग्यसंहिता मंजूर झाली. ही संहिता, थट्टा बाजूला ठेवून सांगायचे तर, शहाणी आहे. विक्रेत्याने हात धुवावेत, कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवावे, एवढेच सांगून ती थांबत नाही. प्यायचे पाणी, सांडपाण्याची वाट, कचरा उचलण्याची सोय, शौचालय आणि उभे राहायला जागा, यांची जबाबदारी ती शासनावर टाकते. मुंबई उपनगरांत संहितेचे घोडे अडते ते नेमके इथे.

कारण अन्नकायद्याच्या नजरेत फेरीवाला हा ‘अन्न व्यावसायिक’ असतो. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांसाठी २०११ च्या नियमांनी साधी नोंदणी ठेवली, शुल्क वर्षाला १०० रुपये. मोबदल्यात १४ आकडी क्रमांक मिळतो आणि तो दर्शनी भागी लावायचा असतो. महापालिकेच्या नजरेत हाच इसम ‘अतिक्रमण’ असतो. पालिकेने फेरीवाल्यांना नवे परवाने देणे १९७८ पासून बंद केले. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला, त्याच वर्षी पालिकेने सर्वेक्षणही केले. त्यानंतर समित्या, याद्या, हरकती आणि निवडणुका असा त्याचा प्रवास चालू राहिला. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाला नको, हे बजावले. आता वडापाव खाणारा माणूस स्थानकाच्या १५० मीटरच्या आतच असतो, कारण त्यापुढे त्याला घरचे जेवण दिसू लागते. परिणामी बोरिवलीच्या आर-मध्य, अंधेरीच्या के-पूर्व आणि के-पश्चिम, घाटकोपरच्या एन किंवा मुलुंडच्या टी विभागात एखाद्या हातगाडीकडे केंद्रीय कायद्याखालची नोंदणी असते, पण उभे राहण्याचा हक्क नसतो. स्वच्छतेचे प्रमाणपत्र आहे, जागा नाही.

सायंकाळी सातच्या सुमारास बोरिवली पश्चिमेला हा पेच प्रत्यक्ष पाहता येतो. कढईत दुसरा घाणा पडलेला असतो. झाऱ्याने वडे उलटणाऱ्याच्या उजव्या हातात पारदर्शक प्लास्टिकचा मोजा असतो. आरोग्याच्या नावाने चढवलेला हा मोजा पाव चिरतो, चटणी लावतो, सुटे पैसे परत देतो आणि मधूनच मान खाजवतो. इतक्यात नाक्यावरून “पालिकेची गाडी आली!” अशी आरोळी उठते. गॅस बंद होतो, छत्री मिटते आणि उकळत्या तेलासकट हातगाडी गल्लीत घुसते. तळणीचे तेल किती वेळा वापरावे हे नियमांत आहे. ते घेऊन गर्दीतून किती वेगाने धावावे, याबाबत रोम, जिनिव्हा आणि दिल्ली तिन्ही ठिकाणी मौन आहे.

तेलाचा नियम असा: त्यातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की तेल टाकून द्यायचे, १ जुलै २०१८ पासून. मोठ्या हॉटेलांनी टाकलेले तेल लहान विक्रेत्यांच्या कढईत जाते, अशी भीती खुद्द प्राधिकरणानेच व्यक्त केली आणि त्याच वर्षी जुन्या तेलाचे बायोडिझेल करण्याची योजना काढली. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्याने नोंदवही ठेवायची असते. गाडीवाला ५० लिटरला पोचत नाही. त्याची नोंदवही कढईच्या काठावर काळ्या थरांत असते आणि जाणकार गिऱ्हाईक ती वाचू शकते. ट्रान्स फॅटबाबत मात्र गंभीर श्रेय द्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कारखानी ट्रान्स फॅट हद्दपार करण्याची हाक दिली, आणि भारताने तेल-वनस्पतीतली मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के, २०२२ मध्ये २ टक्के केली. हा नियम कारखान्याच्या दारात पाळला जातो, म्हणून घाटकोपरच्या खाऊगल्लीतल्या चीज-बटर-पिझ्झा-डोशापर्यंत आपोआप पोचतो. बटर किती घालावे हा प्रश्न डोसेवाल्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेला आहे आणि तो उत्तर सढळ हाताने देतो.

पाण्याच्या बाबतीत उपनगरे भाग्यवान आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही सापडू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि उपनगरांचे बरेचसे पाणी भांडुपच्या अवाढव्य जलशुद्धीकरण केंद्रातून निघते. तिथून ते पाणीपुरीत शिरेपर्यंत वाटेत नळ, पिंप, बादली आणि कोपरापर्यंत बुडणारा एक हात लागतो. या हाताला मानक नाही. गाडीवर ‘येथे मिनरल वॉटरची पाणीपुरी मिळेल’ अशी पाटी असते, ती मात्र स्वच्छ पुसलेली असते.

मसाल्यांच्या बाबतीत भारत मानके मागणारा नसून देणारा आहे. मसाल्यांची कोडेक्स समिती २०१३ साली भारताच्याच पुढाकाराने निघाली, पहिली बैठक कोचीला झाली, दुसरी गोव्यात. मिरी आणि जिरे यांची मानके तिने २०१७ मध्ये आणली. एवढे करूनही एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक सापडल्याचे जाहीर केले. त्या रसायनाची कोडेक्सने मर्यादाच ठरवलेली नव्हती. युरोपात मसाल्यात ते किलोमागे ०.१ मिलिग्रॅम चालते, अमेरिकेत ७. तेच तिखट एका विमानतळावर विष ठरते आणि दुसऱ्या विमानतळावर पाहुणचार. भारताने कोडेक्सला मर्यादा ठरवण्याची विनंती केली. आठ पायऱ्या आहेत.

शेवटी दिनविशेष. संयुक्त राष्ट्रांनी ७ जून हा जागतिक अन्नसुरक्षा दिन ठरवला आणि २०१९ पासून तो पाळला जातो. तारीख निवडताना मुंबईच्या पंचांगात कोणी डोकावलेले दिसत नाही. त्याच सुमारास मृग लागतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीला उपनगरात कांदाभज्यांच्या गाडीपुढे छत्र्यांची रांग लागते. उघड्यावरचे खाऊ नका, पाणी उकळून प्या, असे आवाहन महापालिका दरवर्षी याच दिवसांत करते. अन्न छापील वर्तमानपत्रात बांधून देऊ नये, शाईतले शिसे पोटात जाते, असा प्राधिकरणाचा २०१८ चा वेष्टन-नियम आहे. पालिकेचे आवाहन वर्तमानपत्रात छापून येते, त्यामुळे ते संध्याकाळपर्यंत भज्यांबरोबर घरोघर पोचते.