साखळीतला कांदा

हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी १९८५ साली पुस्तक लिहून जगाला 'व्हॅल्यू चेन' शिकवली. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर मालाच्या मूल्यात भर पडावी, असा त्याचा मथितार्थ. लासलगावच्या कांद्याने तो फारच मनावर घेतलेला दिसतो.

शेतकरी चार महिने उन्हाळ कांदा वाढवतो, पुढचे चार महिने चाळीत सांभाळतो आणि सडका निवडून फेकतो. एवढे करूनही तो तयार करतो फक्त कांदा. मूल्य तयार होते ते त्याची ट्रॉली रिकामी झाल्यावर! लिलावात मिनिटभरात भाव पुकारला जातो आणि मग हमाली, तोलाई, गोणी, वाहतूक, घट, दुकानभाडे अशी एकेक कडी जोडली जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार गिऱ्हाइकाच्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेले ६४ पैसे म्हणजे व्यवस्थापन.

पोर्टर यांच्या त्या पुस्तकाचा विषय होता स्पर्धेतली आघाडी; ती कशी घ्यावी, हे सरकारनेही दाखवून दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले आणि डिसेंबरात सरळ बंदीच घातली. परदेशी गिऱ्हाईक जोडायला वर्षे लागतात, तोडायला एक अधिसूचना पुरते. आघाडी मिळाली, फक्त ती आपल्या स्पर्धकांना.

साखळी मजबूत आहे, यात वादच नाही. ती काहींच्या गळ्यात शोभते, काहींच्या पायात रुतते, इतकेच.