सरहद्दीचा दशांश

भारताची भू-सीमा किती लांब, असे कोणी विचारले तर गृहमंत्रालयाचे उत्तर तयार असते: १५,१०६.७ किलोमीटर. बांगलादेश ४,०९६.७, चीन ३,४८८, पाकिस्तान ३,३२३, नेपाळ १,७५१, म्यानमार १,६४३, भूतान ६९९ आणि अफगाणिस्तान १०६. बेरीज करून पाहावी, चूक सापडत नाही. नीट पाहणाऱ्याला एवढेच जाणवते, की या सात शेजाऱ्यांमध्ये दशांशचिन्हाचा मान एकट्या बांगलादेशाला मिळाला आहे. बाकीचे सहा पूर्णांकात आटोपले. हिमालयाच्या बर्फातून, कड्याकपारींतून जाणारी आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही देशांनी मिळून कधी आखलेलीच नाही अशी चीनची सीमासुद्धा बरोब्बर ३,४८८ भरली. चीनच्या सरकारी माध्यमांनी हीच सीमा सुमारे २,००० किलोमीटरची असल्याचे सांगितले होते. उरलेले दीड हजार किलोमीटर ज्याचे त्याने समजून घ्यायचे.

अफगाणिस्तानच्या १०६ किलोमीटरची गंमत आणखी निराळी. हा तुकडा पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरच्या पलीकडच्या टोकाला आहे. स्वातंत्र्यानंतर तिथे आपला एकही तलाठी फिरकलेला नाही, पण तक्त्यात हजेरी रोज लागते.

जमिनीची ही तऱ्हा, तर समुद्राने सरकारला त्याहून मोठा धक्का दिला. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर, हे पाठ करून कित्येक पिढ्या स्पर्धा परीक्षा पास झाल्या. फेरमोजणी झाली आणि तो ११,०९८.८१ किलोमीटर निघाला. एक गोळी न झाडता देशाला साडेतीन हजार किलोमीटर किनारा मिळाला. मिरवणूक मात्र निघाली नाही. कारण साधे आहे. जुनी मोजणी १९७०च्या दशकातली, पंचेचाळीस लाखांस एक प्रमाणाच्या नकाशावरची. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. कोकणातल्या खाड्या आणि नाकाडे त्यात कुठल्या कुठे बुजून गेले. नव्या मोजणीचा नकाशा अडीच लाखांस एक प्रमाणाचा, म्हणजे मिलिमीटरला अडीचशे मीटर. पट्टी जितकी बारीक, तितका किनारा लांब. गणितज्ञ बनुआ मांडेलब्रो यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच पेच मांडला होता. आपल्याकडे तो वार्षिक अहवालात उतरायला अर्धे शतक गेले, आणि सरकारी कामाच्या मानाने हा वेग वाईट म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राचे तर या प्रकरणात विशेष नुकसान झाले. इथल्या पोरांनी ७२० किलोमीटर घोकून मार्क मिळवले, आणि केंद्राच्या जुन्या तक्त्यात महाराष्ट्राच्या नावावर ६५२.६च होते. मधला जवळपास सदुसष्ट किलोमीटरचा किनारा इतकी वर्षे बेपत्ता होता. त्याची फिर्याद कुठल्या पोलीस ठाण्यात दाखल नाही. आता आकडा आहे ८७७.९७. पश्चिम बंगाल १५७ वरून थेट ७२१ वर गेला. बिचाऱ्या पुदुच्चेरीचा तेवढा आखडला, ४७.६ वरून ४२.६५ वर.

बांगलादेशाच्या वाट्याला दशांश का आला, हे कोणी सांगत नाही. पण त्या सीमेने तो कमावला आहे. सिरिल रॅडक्लिफ नावाचे वकील जुलै १९४७ मध्ये पहिल्यांदाच भारतात आले, पाचेक आठवड्यांत दोन्ही टोकांच्या रेषा ओढल्या, आणि त्या जाहीर झाल्या १७ ऑगस्टला. दोन देश आधी स्वतंत्र झाले आणि नंतर त्यांना आपापली जागा कळली. कूचबिहारच्या बाजूला तर जुन्या संस्थानी हद्दींनी असे कोडे घातले होते, की भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि बांगलादेशाचे ५१ भारताच्या पोटात. हे छिटमहाल. त्यातले दहाला खागराबारी हा अर्कच: बांगलादेशात भारताचा तुकडा, त्यात बांगलादेशाचा तुकडा आणि त्याच्या आत पुन्हा भारत. हा सगळ्यात आतला भारत म्हणजे पावणेदोन एकरांचे शेत. छिटमहालातल्या माणसाने आपल्या देशात जायचे, तर मधला परदेश ओलांडायला व्हिसा हवा. व्हिसा काढायचा तर कचेरी गाठायला हवी. आणि कचेरी गाठायची तर आधी विनाव्हिसा परदेश ओलांडायला हवा. इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी १९७४ मध्ये यावर करार केला. अंमलबजावणी झाली ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री, शंभरावी घटनादुरुस्ती करून. मध्ये गेलेल्या एकेचाळीस वर्षांना प्रशासकीय भाषेत ‘प्रक्रिया’ म्हणतात.

अधिकृत नाके हा त्याहून देखणा विभाग. नेपाळच्या हद्दीवर पासपोर्टही लागत नाही, व्हिसाही नाही. १९५०चा करार पुरतो. नागालँडमधल्या लोंगवा गावात तर प्रमुखाच्या घरातूनच म्यानमारची सीमा जाते आणि कुटुंब नाक्याविना नांदते. याउलट सिक्कीममधला नाथू ला. चौदा हजार फुटांवरची ही खिंड १९६२च्या युद्धापासून बंद होती, ती ६ जुलै २००६ रोजी व्यापारासाठी उघडली. कशाच्या व्यापारासाठी? दोन्ही सरकारांनी यादी केली. तिबेटकडून आणता येणाऱ्या वस्तूंत शेळ्या, मेंढ्या, घोडे, लोकर, टाकणखार, चिनी माती, याकचे केस आणि याकचे शेपूट. सीमाशुल्क अधिकारी डोंगरावर कुडकुडत शेपटाची खातरजमा करत असताना तिकडे न्हावाशेवाला चिनी मालाचे कंटेनर जहाजाजहाजांनी उतरत होते. त्या कंटेनरांतला मोबाइल कोणी खिंडीतून आणला असता तर तो यादीबाहेरचा माल ठरला असता. २०२० मध्ये खिंडीतला व्यापार थांबला. न्हावाशेवाचा थांबला नाही.

अटारीचेही असेच. एप्रिल २०१२ मध्ये तिथे देशातला पहिला एकात्मिक तपासणी नाका थाटामाटात सुरू झाला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये तो बंद झाला. १९५९ पासून चालत आलेला संध्याकाळचा ध्वज उतरवण्याचा सोहळा मात्र थोड्या खंडानंतर प्रेक्षकांसाठी पुन्हा सुरू झाला, फाटक बंद ठेवून आणि हस्तांदोलन वगळून. व्यापार बंद, प्रयोग चालू.

समुद्रावर मात्र फाटकच नाही. बंगालच्या उपसागरात १९७०च्या चक्रीवादळानंतर जेमतेम दोन मीटर उंचीचे एक बेट वर आले. भारताने त्याला न्यू मूर म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तलपट्टी. १९८१ मध्ये आपण तिथे नौदल पाठवून तिरंगा फडकवला. तीस वर्षे दोन देश त्यावर भांडले. २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी कळवले, की बेट बुडाले. अर्ज नाही, सुनावणी नाही, समुद्राने दावा निकाली काढला.

पश्चिमेला अशी कृपा झालेली नाही. कच्छ आणि सिंधच्या मधली सर खाडी, लांबी सुमारे ९६ किलोमीटर. तिचे भांडण सुरू झाले १९०८ मध्ये आणि कारण होते सरपणाची लाकडे. कच्छचे राव एका बाजूला, सिंधचे प्रशासन दुसऱ्या. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून निवाडा १९१४ मध्ये मुंबई सरकारने केला आणि इतका चोख केला की दोन्ही देश आजही त्याच कागदाचा आधार घेतात: पाकिस्तान म्हणतो सीमा पूर्वेच्या काठावर, भारत म्हणतो खाडीच्या मधोमध. खाडीचे मुखच ठरत नाही, म्हणून तिथून समुद्रात जाणारी सीमारेषाही ठरलेली नाही. चर्चेच्या फेऱ्या झाल्या, २००७ मध्ये संयुक्त पाहणी झाली, खाडी आपला प्रवाह सवडीने बदलत राहिली.

ही न ठरलेली रेषा कुठे आहे हे अचूक माहीत असण्याची जबाबदारी मात्र एका वर्गावर टाकलेली आहे, आणि तो म्हणजे खलाशी. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरे हंगामभर खलाशी म्हणून जातात. घोळ मासा जाळ्यात आला तर त्याच्या बोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव. मासा रेषा पाहून पोहत नाही. वारा आणि भरती बोटीला कुठे नेईल याची शाश्वती ती हाकणाऱ्या तांडेलालाही नसते. मग पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा येते आणि बोटीसकट सगळ्यांना कराचीला नेते. तिकडचे मच्छीमार इकडे आले की आपण त्यांना गुजरातच्या तुरुंगात ठेवतो. समुद्री कायद्याच्या संयुक्त राष्ट्र कराराचे ७३वे कलम सांगते, की दुसऱ्याच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडल्याबद्दल, दोन देशांत तसा करार नसेल तर, कैद देता येत नाही. दोन्ही देशांनी हा करार मंजूर केलेला आहे. शिक्षा संपल्यावरही कराचीच्या मलीर तुरुंगातला माणूस राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत बसून असतो, आणि पालघरच्या पाड्यावर त्याची बायको तहसील कचेरीत त्याचे आधार कार्ड दाखवत फिरते. साडेतीन हजार किलोमीटर किनारा चुकला तेव्हा कोणाला नोटीस गेली नव्हती. खलाशी मैलभर चुकला की त्याची एक-दोन वर्षे जातात.

दर १ जानेवारीला आणि १ जुलैला, २००८च्या करारानुसार, दोन्ही देश एकमेकांना ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. १ जानेवारीला आणखी एक यादी दिली जाते, अणुप्रकल्पांची. त्यात प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश कळवायचे, असे १९८८च्या करारात लिहिले आहे, आणि १९९२ पासून ही देवाणघेवाण एकदाही चुकलेली नाही. समुद्रातल्या सीमेचे अक्षांश-रेखांश अजून ठरायचे आहेत.